तिसऱ्या पायरीवरचे बेट

(द्वितीय वर्ष, कला)

८ ऑगस्ट २०२४ ची मध्यरात्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुषांच्या भालाफेकीची अंतिम फेरी आपल्याकडे बारा वाजण्याच्या सुमारास सुरू झाली. मी तेव्हा प्रथम वर्षात होते आणि वसतिगृहात नुकतीच राहायला आले होते. एका मैत्रिणीच्या मोबाइलभोवती आम्ही सात जणी दाटीवाटीने बसलो होतो. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून ऑलिंपिक विक्रम केला. आपल्या नीरज चोप्राने ८९.४५ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवले. थोडी हळहळ, बराचसा आनंद, आणि मग सगळ्या झोपायला गेल्या.

जाता जाता एकीने विचारले, "तो तिसरा कुठला गं?"

आम्हां कोणालाच सांगता आले नाही. ८८.५४ मीटर फेक करून तिसरा आलेला तो खेळाडू म्हणजे ग्रेनेडा या देशाचा अँडरसन पीटर्स. दुसऱ्या दिवशी मी भूगोलाच्या सरांना विचारले. सरांनी ग्रंथालयातला मोठा नकाशासंग्रह काढला, वेस्ट इंडीजचे पान उघडले आणि एका ठिकाणी पेन्सिलीचे टोक ठेवले. पेन्सिलीच्या टोकाखाली सबंध देश झाकला गेला! एवढ्याशा देशाचा माणूस जगातल्या पहिल्या तिघांत कसा आला, या प्रश्नाने त्या दिवसापासून माझी पाठ सोडली नाही. त्यानिमित्ताने जे वाचले, जुळवले आणि समजून घेतले, ते या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे.

बेटाची ओळख

ग्रेनेडा हा कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागात, व्हेनेझुएलाच्या उत्तरेस असलेला बेटांचा देश. ग्रेनेडा, कॅरिआकू आणि पेटिट मार्टिनिक ही त्यातील वस्तीची तीन बेटे. एकूण क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्या सुमारे एक लाख पंधरा हजार. आपल्याकडील कित्येक तालुक्यांची लोकसंख्या याहून मोठी आहे.

आधी फ्रेंचांची आणि १७६३ पासून इंग्रजांची वसाहत असलेल्या या बेटावर आफ्रिकेतून गुलाम आणून उसाची शेती करण्यात आली. गुलामगिरी संपल्यावर मजूर कमी पडू लागले, तेव्हा १८५७ पासून भारतातूनही करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले. ज्या वर्षी इकडे उठाव झाला, त्याच वर्षी आपली माणसे जहाजात बसून त्या अनोळखी बेटावर उतरत होती, हे वाचून मन चमकते. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी ग्रेनेडा स्वतंत्र झाला. जायफळ हे तेथील मुख्य पीक. ते राष्ट्रध्वजावरही चितारलेले आहे.

या देशाच्या ऑलिंपिकमधील पदार्पणाची हकिगत मोठी विलक्षण आहे. १९८३ च्या ऑक्टोबरात तेथील सरकारात अंतर्गत कलह माजला, पंतप्रधान मॉरिस बिशप यांची हत्या झाली आणि २५ ऑक्टोबर रोजी अमेरिकेचे सैन्य बेटावर उतरले. त्यानंतर वर्षही लोटले नव्हते, तोच १९८४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्याच लॉस एंजेलिस शहरात ग्रेनेडाचे खेळाडू आपला ध्वज घेऊन प्रथमच ऑलिंपिकच्या संचलनात चालले. राजकारणात लहान देशाचे फारसे काही चालत नाही. पण संचलनात त्यालाही इतरांएवढीच जागा मिळते. छोट्या राष्ट्रांना ऑलिंपिकचे एवढे अप्रूप का, याचे उत्तर मला येथे सापडले.

किरानी जेम्स

पहिल्या पदकासाठी ग्रेनेडाला अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले. ते आणले किरानी जेम्सने. पश्चिम किनाऱ्यावरील गुयाव हे कोळ्यांचे गाव. तेथला हा मुलगा. तो बारा वर्षांचा झाला आणि आठवडाभरातच, ७ सप्टेंबर २००४ रोजी, 'आयव्हन' नावाचे चक्रीवादळ बेटावर आदळले. देशातील जवळजवळ नव्वद टक्के घरांचे नुकसान झाले. जायफळाची बहुतेक झाडे उन्मळून पडली. जायफळाचे झाड लावल्यावर फळ धरायला बरीच वर्षे जातात, म्हणजे एका दिवसात पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न गेले. शेतकऱ्याच्या घरातील वाचकांना याचा अर्थ निराळा सांगायला नको.

अशा दिवसांत हा मुलगा धावत राहिला. २०११ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो ४०० मीटरचा जागतिक विजेता झाला. ६ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने ४३.९४ सेकंदांत ही शर्यत जिंकली. अमेरिकेबाहेरच्या धावपटूने चव्वेचाळीस सेकंदांच्या आत येण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा त्याचे वय होते एकोणीस; म्हणजे आज माझे आहे तेवढे! या विजयानंतर पंतप्रधानांनी देशाला अर्ध्या दिवसाची सुटी जाहीर केली.

त्याच्या आदल्या दिवशीचा एक प्रसंग मला सुवर्णपदकाहून मोठा वाटतो. उपान्त्य फेरीत त्याच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस हा कृत्रिम पायांवर धावणारा खेळाडू होता. तो शेवटचा आला. शर्यत जिंकलेला जेम्स त्याच्याजवळ गेला आणि त्याने आपल्या छातीवरची नावाची पट्टी काढून पिस्टोरियसच्या पट्टीशी अदलाबदल केली. सगळे जग पाहत असताना पहिल्याने शेवटच्याचा असा मान राखला.

पुढे २०१६ मध्ये रिओ येथे त्याला रौप्य मिळाले. मग त्याला थायरॉइड ग्रंथीचा विकार जडला आणि बराच काळ तो मैदानापासून दूर राहिला. तरीही २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये एकाच शर्यतीत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य! पॅरिसमध्ये एकतिसाव्या वर्षी तो पुन्हा अंतिम फेरीत धावला. वेळ लागली ४३.८७ सेकंद. लंडनच्या सुवर्णपदकाच्या वेळेहून ही वेळ कमी होती. पण या खेपेस क्रमांक आला पाचवा. माणूस पूर्वीपेक्षा वेगाने धावला तरी जग त्याहून वेगाने पुढे गेलेले असते, हे या दोन आकड्यांतून जेवढे स्पष्ट दिसते तेवढे लांबलचक व्याख्यानातूनही दिसणार नाही.

एक संध्याकाळ, तीन बेटे

१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे पॅरिस ऑलिंपिकला महिना उरला नसताना, 'बेरिल' हे चक्रीवादळ ग्रेनेडाच्या कॅरिआकू बेटावर आदळले. त्या बेटावरील बहुतेक घरे मोडली. अशा परिस्थितीत ग्रेनेडाचे सहा खेळाडू पॅरिसला गेले.

३ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी पॅरिसच्या एकाच मैदानावर जे घडले ते छोट्या राष्ट्रांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. दोन दिवस चाललेल्या डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत, ग्रेनेडाचा लिंडन व्हिक्टर ८७११ गुण मिळवून तिसरा आला. त्याच संध्याकाळी महिलांच्या तिहेरी उडीत डॉमिनिका या सुमारे सत्तर हजार वस्तीच्या देशाच्या थिया लाफाँडने १५.०२ मीटर उडी मारून सुवर्णपदक जिंकले. (डॉमिनिका आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन वेगळे देश आहेत, हे मलाही आधी ठाऊक नव्हते.) आणि भर पावसात महिलांची १०० मीटरची शर्यत झाली, तीत सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेड १०.७२ सेकंदांत पहिली आली. तीन दिवसांनी तिने २०० मीटरमध्ये रौप्यही मिळवले. डॉमिनिका आणि सेंट लुशिया या दोन्ही देशांचे ते ऑलिंपिकमधील पहिलेवहिले पदक होते, आणि दोन्ही पदके सोन्याची! त्यानंतर ८ ऑगस्टला पीटर्सचे कांस्यपदक आले. ग्रेनेडाची आजवरची पाचवी कमाई ती.

सेंट लुशिया हे सुमारे एक लाख ऐंशी हजार वस्तीचे बेट साहित्याच्या विद्यार्थ्यांना परके वाटू नये. १९९२ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारे कवी डेरेक वॉलकॉट तेथलेच. अर्थशास्त्राचे १९७९ चे नोबेल मिळवणारे आर्थर लुईसही तेथलेच. क्रिकेटवेड्या मित्रांना डॅरेन सॅमी माहीत असेलच. वेस्ट इंडीजला दोन वेळा टी-ट्वेंटी विश्वचषक मिळवून देणारा तो कर्णधार याच बेटावरचा.

ज्युलियन आल्फ्रेडची कथा मी दोनदा वाचली. लहानपणी ती शाळेच्या मैदानावर अनवाणी, शाळेच्याच गणवेशात धावत असे. ती बारा वर्षांची असताना वडील वारले. तिने काही काळ धावणेच सोडून दिले. प्रशिक्षकांनी समजूत काढून तिला परत आणले. चौदाव्या वर्षी ती घर सोडून एकटी जमैकात शिकायला गेली आणि तेथून पुढे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात. इकडे तिच्या देशातील मोठे क्रीडांगण, २००९ मध्ये एका रुग्णालयाला आग लागल्यानंतर, कित्येक वर्षे रुग्णालय म्हणूनच वापरले जात होते. जेथे मुलांनी धावायचे तेथे रोग्यांच्या खाटा! गरीब देशाला खेळ आणि औषध यांतून निवड करावी लागते, तेव्हा त्याला दोष तरी कसा द्यावा?

हे घडते कसे?

'कॅरिबियन लोक जात्याच वेगवान असतात' असे म्हणून पुष्कळ जण हा प्रश्न निकालात काढतात. मला हे उत्तर आळशीपणाचे वाटते. रक्तातच वेग असता तर त्यासाठी शाळेच्या स्पर्धा, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या कशाला लागल्या असत्या? मला यामागे चार कारणे दिसतात.

पहिले कारण खेळाची निवड. धावणे, उडी मारणे, फेकणे यांना फारशी सामग्री लागत नाही. मोकळी जागा, फक्कीच्या रेघा आणि हातात घड्याळ धरून उभे राहणारे एखादे शिक्षक एवढ्यावर आरंभ होतो. लहान देशाने सगळे खेळ धरले नाहीत. जे परवडतात ते घट्ट धरले.

दुसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे स्पर्धांची चढती साखळी. शाळेतील गटांच्या शर्यती, मग साऱ्या बेटावरील शाळांच्या आंतरशालेय शर्यती, आणि मग 'कॅरिफ्टा' स्पर्धा. कॅरिबियन प्रदेशातील कुमारांच्या या स्पर्धा १९७२ मध्ये बार्बाडोस येथे सुरू झाल्या आणि ईस्टरच्या सुमारास भरतात. उसेन बोल्टही याच स्पर्धांतून पुढे आला. २०१६ आणि २०२४ मध्ये त्या ग्रेनेडातच झाल्या. गुयावच्या मुलाला पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कळते की, आपल्याहून वेगवान मुलगा कोणत्या बेटावर आहे. अंतर लहान असल्यामुळे प्रत्येक मूल कोणा ना कोणा जाणत्याच्या नजरेस पडते. लहानपणाचा हा एक फायदाच म्हणायचा.

तिसरे कारण अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा शिष्यवृत्त्या. जेम्स अलाबामा विद्यापीठात, पीटर्स मिसिसिपी स्टेटमध्ये, व्हिक्टर टेक्सास ए अँड एममध्ये शिकला. लाफाँड तर लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत गेली, मेरीलँड विद्यापीठात शिकली आणि पुढे शाळेत शिक्षिकाही होती. रिओत ती पात्रता फेरीतच बाहेर पडली होती, टोकियोत अंतिम फेरीत बारावी आली होती, आणि पॅरिसमध्ये पहिली. येथे कोणी आक्षेप घेईल की, मग ही पदके बेटांची की अमेरिकेची? आक्षेप अगदीच खोटा नाही. शेवटची घडण परदेशात होते आणि चांगले खेळाडू व प्रशिक्षक तिकडेच राहतात, हे बेटांचे नुकसानच आहे. परंतु शिष्यवृत्ती देणारा ज्याच्याकडे पाहतो तो खेळाडू आधी कोणी तरी घडवलेला असतो. पहिल्या पायऱ्या बेटाच्या आहेत, वरच्या परक्या आहेत, असे म्हणणे मला न्यायाचे वाटते.

चौथे कारण ऑलिंपिकच्या नियमांतच आहे. ज्या देशाचा एकही खेळाडू पात्रतेच्या कसोटीस उतरत नाही, त्यालाही अॅथलेटिक्स व जलतरण यांसारख्या खेळांत मोजक्या जागा देण्यात येतात. त्यामुळे लहान देशाचा ध्वज कधी गैरहजर राहत नाही. मात्र ही केवळ दाराची किल्ली आहे, पदकाची हमी नव्हे. जेम्स, पीटर्स, व्हिक्टर, आल्फ्रेड आणि लाफाँड यांना पदकापर्यंत नेले ते त्यांच्या कामगिरीने.

हिशेबातील फसगत

दर माणशी पदके मोजली तर पॅरिसमध्ये ग्रेनेडा सर्वांत वर येतो. सुमारे साडेसत्तावन्न हजार माणसांमागे एक पदक! आपल्या देशाचे ११७ खेळाडू गेले आणि एक रौप्य व पाच कांस्य अशी सहा पदके आली. हे वाचून 'एकशेचाळीस कोटींच्या देशाला लाज वाटली पाहिजे' असे लिहिण्याचा मोह मलाही झाला होता. पण मी वहीवर गणित मांडले. ग्रेनेडाच्या प्रमाणात भारताला पदके हवीत तर ती चोवीस हजारांहून अधिक होतात. पॅरिसमध्ये स्पर्धाप्रकार होते ३२९, आणि सारी पदके मिळून हजाराच्या थोडी वर. शिवाय अॅथलेटिक्सच्या एका प्रकारात एका देशाचे तिघांहून अधिक खेळाडू उतरू शकत नाहीत. म्हणजे हे मोजमाप मोठ्या देशाला लागूच पडत नाही. उलट लहान देशात एक खेळाडू दुखावला की सगळा हिशेब शून्यावर येतो.

दुसरीकडे, सगळीच लहान बेटे जिंकतात असेही नाही. आपल्या शेजारचा मालदीव १९८८ पासून, नाउरू १९९६ पासून, किरिबाती २००४ पासून आणि तुवालू २००८ पासून ऑलिंपिकमध्ये भाग घेत आहेत. पॅरिसपर्यंत यांपैकी कोणालाही पदक मिळालेले नाही. मग लहान असणे हा गुणही नाही आणि दोषही नाही. पहिल्या धावेपासून शेवटच्या धावेपर्यंत मधल्या पायऱ्या आहेत की नाहीत, यावर सारे अवलंबून आहे. आपल्याकडेही पायरी असली की माणूस चढतो. पॅरिसमध्येच १ ऑगस्टला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा, आणि तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला.

शेवटी आपल्याविषयी

मी आठवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत ४०० मीटरमध्ये पहिली आले होते. जिल्ह्याची स्पर्धा दूरच्या गावी होती आणि एक रात्र मुक्काम करावा लागणार होता. सोयाबीनची काढणी चालू होती. आई-दादांची रोजाची मजुरी बुडवून सोबत येणे शक्य नव्हते. सोबत न्यायला दुसरे कोणी मिळाले नाही. मी गेले नाही, आणि पुढे धावणेही सुटले. मी गेले असते तर फार मोठी धावपटू झाले असते, असा माझा दावा मुळीच नाही. कदाचित पहिल्याच फेरीत शेवटची आले असते. पण मी किती वेगाने धावू शकते, ते मला कधी कळलेच नाही. ज्युलियन आल्फ्रेडने साधारण त्याच वयात धावणे सोडले होते, आणि तिला परत बोलवायला कोणी तरी आले. फरक तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. मी येथे आले तीही गावातल्या बाईंनी अर्ज भरून दिला, एस.टी.चा पास काढून दिला, वसतिगृहाची माहिती दिली म्हणून. म्हणजे शिक्षणातही तोच नियम आहे. हुशारी पुष्कळांकडे असते. पुढच्या पायरीपर्यंत हात धरून नेणारे माणूस थोड्यांनाच भेटते.

म्हणून प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना माझी नम्र सूचना आहे. आपल्या मैदानावर फक्कीच्या रेघा केवळ वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या आठवड्यात दिसतात. त्या वर्षभर असाव्यात. बाहेरगावच्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलींसोबत एका प्राध्यापिकेने वा वरच्या वर्गातील विद्यार्थिनीने जावे, आणि प्रवासखर्चासाठी आपण साऱ्यांनी मिळून छोटासा निधी जमवावा. याला फार पैसा लागत नाही. ग्रेनेडाकडेही फार पैसा नव्हता.

असो. लेख लांबला. गेल्या दिवाळीपासून आम्ही चौघी पहाटे मैदानाला फेऱ्या मारीत आहोत. एकीकडे बूट आहेत, बाकीच्या अनवाणी. घड्याळ वसतिगृहाच्या बाईंचे आहे. ४०० मीटरला मला किती वेळ लागतो ते आता मला माहीत आहे. तो आकडा येथे लिहिण्यासारखा नाही. पण वहीत लिहून ठेवला आहे, आणि मागच्या महिन्यापेक्षा तो थोडा कमी झाला आहे.